मालनच्या पोटावरचे सूर्य

"आवाज पोटातनं काढायचा," बा म्हणाला. "नरड्यातनं न्हाई. 'दे दान, सुटे गिऱ्हाण.' म्हण बघू एकदा."

"मी न्हाई म्हणणार."

"का गं?"

"मागितलं न्हाई तरी सुटतंय त्ये. पाच वाजायला पाच मिनटं कमी असताना. मुल्ला सरांनी पेपरातली वेळ लिहून दिलीया."

बानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. दुरडी उचलली, माझ्या हातात कोंबली आणि म्हणाला, "पाटलाच्या परड्यात तू जायचं. मी म्होरल्या अंगाला बसतो. सुटायच्या वख्ताला वरडलीस तर बरं, न्हाईतर तुझ्या वाटचं मी वरडीन."

१९८० सालच्या फेब्रुवारीतला तो शनिवार. आमचं गाव जत तालुक्याच्या टोकाला, कर्नाटकाच्या हद्दीला चिकटून. सूर्य जवळजवळ सगळा झाकला जाणार होता आणि गावाला धडकी भरली होती. सूर्याला धरणारा आमच्या जातीचा, तेव्हा सोडवायचा तर मांगालाच दान घालायला हवं, असा गावाचा समज. एरवी आमची सावली चुकवणारी माणसं ग्रहणाच्या दिवशी मात्र सुपात जोंधळा काढून आमची वाट बघत बसायची. मला त्या सुपाची शिसारी होती. मी दहावीला होते, परीक्षा तीन आठवड्यांवर होती आणि मुल्ला सरांनी वर्गात सगळ्यांसमोर सांगितलं होतं की ग्रहण लागल्यापासून सुटेपर्यंतच्या वेळा सुलन वायदंडे नोंदवेल. वर्गातली पोरं हसली होती. एकजण म्हणाला होता, घरचंच कार्य आहे तिचं. मी मधल्या सुट्टीत त्याच्या पाठीत दगड घातला होता. माझा स्वभाव तेव्हाही असाच होता.

तरीही पाटलांच्या परड्यात जायला मी नाही म्हटलं नाही, त्याचं खरं कारण मालन.

मालन पाटलांची लेक. आठवीपर्यंत ती माझ्या वर्गात होती. ती पुढच्या बाकावर, मी मागे भिंतीशी, पण विज्ञानाच्या तासाला मुल्ला सर आम्हा दोघींना फळ्याजवळ उभं करायचे आणि कोडी घालायचे. सांगायला लाज वाटत नाही, माझ्यापेक्षा मालन कितीतरी हुशार होती. चंद्राच्या अंतराचं गणित मी बोटांवर करायची तोवर ती उत्तर सांगून बाहेर बघत असायची. एकदा तिनं विचारलं होतं, "सर, चंद्रावर बाई का न्हाई गेली?" सर म्हणाले, "अजून गेली नाही, इतकंच." नववीत तिचं लग्न लावून दिलं. आता ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, नववा लागला होता. चार दिवसांपूर्वी मी शेणकुटाला गेले तेव्हा माजघराच्या खिडकीतून हळूच म्हणाली, "सुले, मला अंधारात कोंडून घालणार हैत. हलायचं न्हाई, कुशीवर वळायचं न्हाई. मला दाव की गं."

"दावते," मी म्हणाले.

पावणेचारला मी परड्यात शिरले. उजेड राखेसारखा झाला होता. गल्लीत माणूस नव्हतं, सगळी दारं लावलेली. कोंबड्या आपल्या आपण खुराड्यात शिरत होत्या. मी शाळेच्या वहीच्या पुठ्ठ्याला दाभणानं भोक पाडून आणलं होतं, त्यातून सूर्य जमिनीवर पाडून बघायचा. वर थेट बघायचं नाही, सरांनी शपथ घातली होती.

मागचं दार किलकिलं झालं. मालन.

"आले बग," ती म्हणाली. "आजी जप करतीया. दादा सोप्यात झोपलाय. लवकर."

"उंबऱ्याच्या आत ऱ्हावा, अक्कासाब." शाळेत मी तिला मालन म्हणायची, पण तिच्या परड्यात माझी जीभ आपोआप वळायची.

"आतनं काय दिसणार?" ती पायरीवर उतरली. दार पश्चिमेकडे होतं, तिरपा उजेड सरळ तिच्या अंगावर आला. ती पिकल्या लिंबाच्या रंगाचं लुगडं नेसली होती. मी पुठ्ठा धरला, पण जमीन शेणामातीनं काळपट, त्यावर धड काही दिसेना. ती वाकू शकत नव्हती. मी इकडेतिकडे पाहिलं. पडदा हवा होता. फिक्या रंगाचा, ताणलेला, साफ पडदा. आणि मग मला सुचलं, आणि सुचल्याचा इतका आनंद झाला की दुसरं काही डोक्यात आलंच नाही. मी दोन-तीन ढांगा मागे सरले, सूर्याकडे पाठ केली आणि दानाची दुरडी डोक्यावर उंच धरली.

दुरडीच्या विणीत बारीक भोकं असतात. प्रत्येक भोकातून एकेक सूर्य आला आणि मालनच्या पोटावर पडला. पन्नास, शंभर सूर्य, कापलेल्या नखासारखे, सगळे एकाच बाजूला वाकलेले. मी दुरडी हलवली की सगळे एकदम हलत.

"अगं आई," मालन म्हणाली. तिनं पदर सरळ केला, सुरकुती राहू नये म्हणून. "चंद्र असा मधनं चाललाय व्हय? म्हंजे ह्यो उलटा दिसत आसंल. भोकातनं उलटं पडतं."

"उलटंच."

"आन् काय हुत न्हाई मला. बग, काय सुदिक हुत न्हाई." ती हसायला लागली. पोट हललं आणि त्यावरचे सूर्य नाचले. तेवढ्यात बाळानं आतून लाथ मारली असावी, कारण तिनं तिथं बोट ठेवलं आणि म्हणाली, "ह्येनं पण बगितलं."

मी इतकी सुखी पुन्हा कधी झाले नाही. पुढे नोकरीत मोठमोठ्या दुर्बिणींवर कामं केली, तरी नाही.

"मालन!"

हणमंतराव दारात उभा होता. तिचा थोरला भाऊ. त्याला आधी बहीण दिसली, मग मी, मग तिचं पोट. दुरडी अजून माझ्या डोक्यावर होती आणि ग्रहण अजून तिच्या पोटावर होतं. त्याचा चेहरा भीतीनं पांढरा पडला होता, हे मला सांगायलाच हवं. तो मनापासून घाबरला होता.

"मांगिणीनं गिऱ्हाण पोटावर पाडलं!" तो ओरडला.

"दादा, मीच आले बाहीर. मीच तिला म्हणलं." मालन त्याच्या आणि माझ्या मध्ये आली.

त्यानं तिला दंडाला धरलं आणि आत ढकललं. जोरात. पाय उंबऱ्याला अडकला आणि तिचं पोट चौकटीच्या कडेवर आदळलं. पीठ भरलेलं पोतं खाली टाकलं की येतो तसा आवाज झाला. ती ओरडली नाही. नुसता श्वास बाहेर गेला तिचा, आणि ती चौकट धरून हळूहळू खाली बसली. मग आतून कुणीतरी तिला ओढलं आणि दार लागलं.

हे मी पाहिलं. दुसऱ्या कुणी पाहिलं नाही. हणमंतरावानंसुद्धा नाही, कारण तो तोवर माझ्याकडे वळला होता.

त्यानं माझी वेणी मनगटाला गुंडाळली आणि मला परड्यातून पुढच्या अंगणात फरफटत नेलं. मी त्याच्या हाताला चावले. त्यानं माझं तोंड गोठ्याच्या भिंतीवर आपटलं. पुढचा दात तुटून जिभेवर आला, तो मी थुंकला. मग पोटात लाथ, मग बरगडीत. मी त्याच्या आईवरून शिवी दिली. शिवी मला येत नव्हती अशातला भाग नाही, पण मोठ्यानं पहिल्यांदाच दिली. त्यानं मला गोठ्याच्या मेढीला बांधलं. दोर बानं वळलेला होता, आमच्या घरचा.

बा पळत आला. पायताण हातात घेऊन, त्या अंगणात पायताण घालायचं नव्हतं म्हणून. मला त्याही वेळी त्याचा राग आला.

"धनी, काय केलं पोरीनं?"

"काय केलं? गरवार बाईच्या पोटावर गिऱ्हाण पाडलंय! लेकराचा ओठ फाटला, बोटं झडली, तर मांगवाड्यात एक घर उभं ठेवणार न्हाई, सदा. पेटवून दीन." हणमंतराव गोठ्यात गेला आणि कोयता घेऊन आला. "पर त्याच्याआदी हिचा हात घेतो. ज्या हातानं दुरडी धरली त्यो."

बा माझ्यासमोर आडवा पडला. उभा नाही राहिला, पडला. कपाळ जमिनीला टेकवून.

खिडकीच्या फटीतून पाटलीणआजीचा आवाज आला. म्हातारी ग्रहणात बाहेर येणार नव्हती. "हणमंता, लोखंड लावू नगंस! गिऱ्हाणात कापायचं न्हाई, लेकराला लागंल!"

त्यानं कोयता खाली टाकला. ज्या समजुतीपायी मला बांधलं होतं, तिनंच माझा हात वाचवला. मी तेव्हा हसले. खरंच हसले, तुटलेल्या दातासकट. त्यानं तो आणखी पिसाळला.

"मग काय करू, आजी?"

"तिच्या बाकडनं मारीव. मांगाचं गिऱ्हाण मांगानं उतरवायचं. सुटायच्या आत रगत सांडू दे."

हणमंतरावानं खुंटीवरचा आसूड काढला आणि बाच्या अंगावर फेकला. बैलाचा आसूड, तोही बाच्याच हातचा. बानं तो हातात घेतला. मग उठला.

"बा," मी म्हणाले, "मारू नगंस. आन् वरडू बी नगंस. कुणीच मागू नका आज. पाच वाजायला पाच कमी असताना आपसूक सुटतंय, सगळ्यांनी डोळ्यांनी बगा. एकदा बगा की रं!" मी ओरडत होते. बंद दारांच्या फटीफटीतून लोक बघत असणार हे मला माहीत होतं, मी त्यांच्यासाठी ओरडत होते. "ह्यो चंद्र मधी आलाय! दुसरं काय बी न्हाई! त्यो जाणार!"

"मार," हणमंतराव म्हणाला.

बानं मारलं.

पुष्कळांना वाटतं, बापानं हलक्या हातानं मारलं असेल. तसं काही नाही. पहिल्या फटक्याला झंपर फाटला. तिसऱ्याला कातडं. बा प्रत्येक फटक्याला तोंडानं हुं म्हणायचा, लाकूड फोडताना म्हणायचा तसं. थांबला की हणमंतराव कोयत्याला पाय लावायचा आणि बा पुन्हा हात उचलायचा. पायावर काहीतरी कोमट उतरलं, ते रक्त होतं की मी मुतले होते हे मला आजही सांगता येणार नाही. मी वेळ मोजायचा प्रयत्न करत होते. साडेचार झाले असतील. पावणेपाच. अंगण हळूहळू उजळत होतं. माझी सावली मेढीवर आधी फिकी, मग नीट काळी पडली. मला वाटलं, झालं. कुणी मागितलं नाही, कुणी घातलं नाही आणि सुटलं. आता यांना दिसेल. पाठ फाटली होती आणि मी जिंकले होते.

कोंबडा आरवला. दारं उघडायला लागली. माणसं बाहेर आली, वर बघितलं, हात जोडले.

पाटलीणआजी सूप घेऊन बाहेर आली. माझ्या पायाखालच्या मातीकडे बघितलं, मान डोलावली.

"सुटलं बाई," ती म्हणाली. "रगतावर सुटलं. लेकरावरचं उतरलं."

आणि तिनं सूपभर जोंधळा बाच्या पुढ्यात, अंतर राखून, ओतला. बानं आसूड खाली ठेवला. धोतराचा सोगा पसरला. आणि घसा बसलेल्या आवाजात, पण पोटातून, म्हणाला, "दे दान, सुटे गिऱ्हाण."

घरी त्यानं माझ्या पाठीला हळद आणि गोडंतेल लावलं. आई मी सहावीत असतानाच गेली होती, लावायला दुसरं कुणी नव्हतं. दिवेलागणीची वेळ होती. मी पालथी पडले होते आणि त्याला माझा चेहरा दिसत नव्हता, म्हणूनच कदाचित तो बोलला.

"सुले, त्ये आपसूक सुटतं ह्ये मला ठावं हाय."

मी मान वळवली.

"माझ्या बालाबी ठावं हुतं. पटकीच्या साली गिऱ्हाण लागलं तवा मांगवाड्यातलं एक माणूस उठून उभं ऱ्हाईना. कोण मागाय जाणार? तरी सुटलंच की. आमास्नी काय डोळं न्हाईत?"

"मग?"

"मग काय. वरीसभर आमी त्यांच्या वसरीला पाय लावायचा न्हाई. ह्या एका दिसाला त्ये आमची वाट बगत्यात. आमच्याबिगर त्यांचा सूर्य सुटत न्हाई, आसं त्यास्नी वाटतंय. वाटू दे की. तू त्येबी काडून घ्याय निघालीस."

"म्हणून मारलंस?"

"कोयत्यापायी मारलं," तो म्हणाला. पुन्हा तेलात बोटं बुडवली आणि म्हणाला, "पर वरडत हुतीस तवा रागबी आला हुता. खोटं कशाला बोलू."

मी त्याला माफ केलं नाही. तो मेला तरी नाही. पण त्याच्याइतकं खरं माझ्याशी नंतरही फार थोडी माणसं बोलली.

"बा," मी म्हणाले, "हणमंतानं मालनला ढकललं. तिचं पोट चौकटीवर आदळलं, मी बगितलं. तिला डाक्टरकडं न्याय पायजे."

त्याचा हात पाठीवर थांबला. "कुणाला सांगू नगंस."

"मरंल ती."

"सुले, गप. त्यांची लेक हाय. बगतील."

सोमवारी मी शाळेत जाऊन मुल्ला सरांना सांगितलं. बसता येत नव्हतं, उभ्यानंच सांगितलं. सर सायकल काढून तडक पाटलांकडे गेले आणि अर्ध्या तासात परत आले. "आत घेतलं नाही," ते म्हणाले. "बायकांचं आहे म्हणाले, तुम्ही शाळा बघा." त्यांचा चष्मा वाकडा झाला होता. कसा, ते मी विचारलं नाही.

आठव्या दिवशी मालन बाळंत झाली. मुलगा. अंगावरून जायचं थांबेना, तरी तिला खोलीतून बाहेर काढलं नाही. दहाव्या दिवशी ती गेली. सोळा वर्षांची होती. गाव म्हणालं, गिऱ्हाणानं आईला नेलं आणि मांगाच्या रक्तावर लेकराला सोडलं. मी रडले नाही. मी परड्यातल्या त्या पायरीवर रॉकेल ओतून घर पेटवायचं ठरवत होते. बाटलीसुद्धा भरली होती. मग बानं ती दिव्यात ओतून टाकली.

परीक्षेच्या पहिल्या दिवशी सकाळी मी गावाबाहेरच्या एसटी थांब्यावर उभी होते. पाच-सहा माणसं होती. पाठीवरच्या खपल्यांना झंपर चिकटत होता. बिरोबाच्या देवळाकडून हणमंतराव आला. कपाळाला भंडारा, हातात ताटली. नवस फेडून आला होता. थांब्यावरच्या प्रत्येकाला खोबरं वाटत वाटत माझ्यापाशी आला. मला वाटलं, पुढे जाईल. तो थांबला.

"परीक्षा हाय न्हवं आज?" तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, उलट मवाळपणा होता. "लेकरू ब्येस हाय बग. ओठ निवळ, बोटं धाच्या धा. तू लावलंस, पर तुझ्या बानं येळेवर उतरवलं. आता मनात ठेवू नगंस."

त्याचे डोळे सुजलेले होते. बहिणीसाठी तो रडला होता, पुष्कळ रडला होता. त्याला खरंच काही माहीत नव्हतं.

वाक्य माझ्या जिभेवर होतं. तिला गिऱ्हाणानं नाही मारलं, तू ढकललंस. इतकंच. मेढीला बांधलेली असताना मी सगळ्या गावाला ओरडून चंद्र-सूर्य समजावले होते, आणि हे तर त्याहून कितीतरी सोपं होतं. पाच-सहा माणसं ऐकायला होती. लांबून एसटीची धूळ दिसत होती. अकराला पेपर होता. मागे मांगवाड्याची छपरं होती, वाळक्या पाचटाची. हे सगळं मी तेव्हा नीट तोलून ठरवलं, असं मात्र म्हणणार नाही. मी घाबरले.

मी हात पुढे केला. त्यानं वरूनच, बोट लागू न देता, खोबऱ्याचा तुकडा तळहातावर टाकला.

"खा की," तो म्हणाला. "परसाद हाय."

मी खाल्ला.